२०१६ मध्ये ॲपलनं अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेला अतिरेक्याचा आयफोन उघडून द्यायला नकार दिला, ते ॲपलचा तेव्हाचा प्रमुख टिम कुक याचं तत्त्व होतं की नुसती जाहिरात?

दोन्ही होतं. आणि दोन्ही असण्यात नेमकं काय वाईट आहे ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

प्रश्नाच्या खाली तुम्ही जे लिहिलंय ना, की मेलेल्या अतिरेक्याच्या फोनसाठी एवढा तमाशा कशाला आणि ज्याच्याकडं लपवण्यासारखं काही नाही त्यानं घाबरायचं कशाला, ते वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवून टाईप करायला बसलोय. कारण हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या दाजींच्या तोंडून ऐकलंय, माझ्याच दुकानात, आणि त्यावरून आमच्यात जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

माझं कराडला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. दुकानात फोन टाकताना पॅटर्न सांगावा लागतो हे सगळ्यांना माहितीये, नाहीतर डिस्प्ले बदलल्यावर टच, कॅमेरा, कॉल हे चेक कसं करणार. आमच्याकडं प्रत्येक फोनला एक पाकीट असतं, वर नाव, नंबर, फॉल्ट, आणि कोपऱ्यात मी नऊ ठिपके काढतो आणि त्यातनं पॅटर्नची रेघ, सुरुवात कुठनं ते कळायला एका टोकाला बाण. म्हणजे कुठल्याही दिवशी माझ्या ड्रॉवरमध्ये अर्ध्या पेठेच्या चाव्या पडलेल्या असतात म्हणा ना.

तर कॉलेजातली एक पोरगी फोन टाकून गेली, पडून अर्धा डिस्प्ले काळा झालेला, पार्ट पुण्याहून यायचा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गर्दीच्या टायमाला दाजी आले, सोबत एक गृहस्थ. दाजी हायस्कूलला मास्तर आहेत, बोलायला ऐकत नाहीत. म्हणाले, "हे तिचे वडील. फोन आलाय ना तुझ्याकडं? पॅटर्न असेल पाकिटावर. जरा उघड, पाच मिनिटं बघायचंय फक्त."

मी म्हणालो डिस्प्ले गेलाय. तर दाजी म्हणतात अर्धा दिसतोय की, माऊस लाव. ओटीजी केबलनं माऊस लावून फुटका फोन चालवता येतो हे मीच त्यांना कधीतरी हौसेनं दाखवलं होतं, घ्या आता.

वडील फार काही बोलत नव्हते. त्यांनी शर्टाच्या खिशातनं घडी केलेलं बिल काढलं आणि काउंटरवर पसरून ठेवलं, फोनचं बिल, त्यांच्या नावावरचं. "पैसे मी भरलेत." खोटं नव्हतं. मी म्हणालो, दुकानाची पावती तिच्या नावावर आहे, पोरगी सज्ञान आहे, तिला घेऊन या, मी फोन तिच्या हातात देतो, मग घरी जाऊन बाप-लेक काय ते बघा. मग दाजींनी ते वाक्य टाकलं, लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला, आणि वर "तू कोण लागून गेलास?" तिथं दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती, एकानं तर स्क्रीनगार्ड लावायचं सोडून सगळं ऐकलं.

मी नाही उघडला. पोरगी नंतर मैत्रिणीसोबत आली, पैसे दिले, फोन घेऊन गेली. तिच्या फोनमध्ये काय होतं ते मला माहीत नाही आणि जाणूनही घ्यायचं नाही. वडील एका पतसंस्थेत संचालक होते आणि शेजारचा गाळा घेण्यासाठी माझं कर्जाचं प्रकरण तिथंच पडलं होतं, हे मला काउंटरवर उभा असतानाच आठवत होतं, नाही असं नाही. कर्ज कुणी नाकारलं नाही, फक्त दर वेळी एक कागद कमी पडायला लागला. आई म्हणाली पाहुण्याचा अपमान केलास. भाऊबीजेला ताई एकटीच आली.

आणि आता ऐका. गेल्या वर्षी दाजींच्या फोनचा चार्जिंग जॅक गेला. आले, कारण दुसरीकडं पैसे पडतात. फोन ठेवून जा म्हणालो तर नाही, "माझ्यासमोर कर." स्टुलावर बसून राहिले, मी सोल्डरिंग करेपर्यंत नजर हटली नाही, आणि चार्जिंग चेक करायला फोन चालू केला तेव्हा पॅटर्न स्वतः टाकला, तळहाताची आड करून. मी काही बोललो नाही. बायको म्हणते तिथंच बोलायला पाहिजे होतंस.

तर तुमचा ॲपल. २ डिसेंबर २०१५ ला कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला नवरा-बायकोनं गोळीबार करून १४ जणांना मारलं, पोलिसांनी दोघांनाही ठार केलं. सापडलेला आयफोन ५सी हा त्या माणसाचा खासगी नव्हताच, तो जिथं नोकरीला होता त्या काउंटी म्हणजे जिल्हा सरकारनं दिलेला होता, आणि काउंटीनं उघडायला परवानगीही दिली होती. म्हणजे बघा, बिल खिशात घेऊन बाप हजर. तरी ॲपल नाही म्हणालं. कारण एफबीआयनं फोन उघडून मागितला नव्हता, त्यांनी नवीन सॉफ्टवेअर लिहून मागितलं होतं, ज्यात दहा चुकीच्या पिननंतर डेटा पुसला जाणार नाही, दोन प्रयत्नांच्या मध्ये थांबावं लागणार नाही आणि पिन कॉम्प्युटरनं धडाधड टाकून बघता येईल. १६ फेब्रुवारी २०१६ ला कोर्टानं तसा आदेश दिला, १७८९ सालच्या एका कायद्याच्या आधारानं, आणि त्याच दिवशी कुकनं ग्राहकांना जाहीर पत्र लिहून विरोध केला. म्हणणं सरळ होतं, हे एकदा बनलं की ते एका फोनपुरतं राहत नाही.

मेलेल्या माणसाला कसली प्रायव्हसी, हे तुमचं बरोबर आहे. पण प्रश्न त्याचा नव्हताच, प्रश्न बाकीच्या ड्रॉवरचा होता. मी त्या दिवशी एक पाकीट उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या गेटवर झालं असतं की त्या दुकानात बापाला फोन दाखवतात. एकही पोरगी परत आली नसती. म्हणजे माझाही धंदाच होता की त्यात! फरक एवढाच की चावी माझ्याकडं होती आणि मी दिली नाही, ॲपलकडं नव्हती आणि त्यांना ती बनवायला सांगत होते. त्यांची केस माझ्यापेक्षा मजबूत आहे उलट.

आणि एफबीआयचा कारभार बघा. तपासातच काउंटीच्या लोकांनी त्यांच्या सांगण्यावरनं आयक्लाउडचा, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्याचा, पासवर्ड बदलून टाकला, त्यामुळं फोन ओळखीच्या वायफायजवळ नेऊन नवा बॅकअप काढायचा रस्ताच बंद झाला. मार्चच्या २८ तारखेला सरकारनं केस मागं घेतली कारण बाहेरच्या कुणीतरी फोन उघडून दिला, ऑस्ट्रेलियातल्या एका लहान कंपनीनं, असं वॉशिंग्टन पोस्टनं २०२१ ला छापलं. २०१८ मध्ये त्यांच्याच न्याय खात्याच्या तपासणी अहवालात निघालं की एफबीआयच्या एका विभागाला माहीत होतं की बाहेरचा ठेकेदार उघडण्याच्या अगदी जवळ आलाय, पण दुसऱ्या विभागानं त्यांना नीट विचारलंच नव्हतं. आमच्याकडं याला म्हणतात काखेत कळसा.

आता कुक. तो काय संत नाही. माणूस अलाबामाचा, वर्णद्वेष बघत वाढलेला. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं आपण गे असल्याचं स्वतःच्या नावानं लेख लिहून सांगितलं, एवढ्या मोठ्या कंपनीच्या खुर्चीत बसून, ज्या काळात त्याच्याच राज्यात त्या कारणावरनं नोकरीवरनं काढलं तरी दाद मागायला राज्याचा कायदा नव्हता. त्यावर आपल्याकडं हसणाऱ्यांची मला कीव येते, संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं आपलं ३७७ कलम जायला २०१८ उजाडलं. त्याच लेखात त्यानं लिहिलंय की ऑफिसात शिरल्यावर समोर दोन फोटो दिसतात, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी. आता गंमत अशी की ऑक्टोबर १९६३ मध्ये किंग यांचे फोन टॅप करायला एफबीआयला मंजुरी दिली ती ॲटर्नी जनरल असलेल्या याच रॉबर्ट केनेडींनी! चांगल्या माणसानं, चांगल्या कारणासाठी, थोड्या दिवसांसाठी म्हणून दिलेली सही. पुढं एफबीआयनं किंग यांच्या हॉटेलच्या खोल्यांमध्येही माईक लावले आणि खासगी आयुष्यातलं गोळा करून त्यांना निनावी पत्र पाठवलं. पाच मिनिटं बघायचंय फक्त, असं म्हणूनच सगळे येतात हो.

पण मग चीन. तिथं कुकची जीभ टाळ्याला चिकटते. २०१७ ला चिनी स्टोअरमधून सरकारी बंदी चुकवून इंटरनेट वापरू देणारी व्हीपीएन ॲप काढली, २०१८ च्या फेब्रुवारीअखेर चिनी ग्राहकांचा आयक्लाउड ग्वेइचौ प्रांतातल्या सरकारी मालकीच्या कंपनीकडं गेला, चाव्यांसकट देशात ठेवायला. २०१९ ला हाँगकाँगची पोरं रस्त्यावर असताना पोलीस कुठं आहेत ते दाखवणारं नकाशाचं ॲप काढलं. कायदा पाळतो म्हणे. अहो, एफबीआयकडं पण कोर्टाचा आदेशच होता की! २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर गडी व्हाइट हाऊसमध्ये जाऊन ट्रम्पना चोवीस कॅरेट सोन्याच्या बैठकीवर बसवलेली काच देऊन आला आणि ऑक्टोबरमध्ये स्थलांतरितांना पकडणाऱ्या आईसच्या लोकांची जागा कळवणारं ॲप सरकारनं सांगितल्यावर स्टोअरमधून काढलं. २०१६ मध्ये तत्त्व आणि धंदा एका दिशेला होते म्हणून ताठ उभं राहणं परवडलं. दिशा बदलल्यावर काय झालं ते समोर आहे. तरी मी म्हणेन २०१६ चं उत्तर बरोबरच होतं, पुढं माणूस वाकला म्हणून आधीचं खोटं होत नाही.

आमच्या धंद्यापुरतं बोलायचं तर त्यांचा ढोंगीपणा त्याच फेब्रुवारीत उघडा पडला होता. फोन तुमचा, डेटा तुमचा अशा सुराचं पत्र लिहिताना तिकडं बाहेरून होम बटण बदललेले आयफोन ६ अपडेट मारल्यावर ‘एरर ५३’ दाखवून ठार बंद पडत होते. बोंब झाल्यावर १८ तारखेला, म्हणजे पत्रानंतर दोन दिवसांनी, दुरुस्तीचं अपडेट आलं. ऑस्ट्रेलियात त्यावरून २०१८ ला ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. फोन तुमचा, पण बटण बदललंत तर आमचा! सिक्युरिटीचं कारण काही अंशी खरं आहे, फिंगरप्रिंट सेन्सर कुणीही बदलू नये हे मलाही कळतं, पण बॅटरी बदलली तरी फोननं संशय घ्यावा हे कुठल्या सिक्युरिटीत बसतं? मी स्वतः अँड्रॉइडच वापरतो.

तुम्ही विचारलंय कंपनीला पाठिंबा द्यावा का. कंपनीला कशाला पाठिंबा द्यायचा, ती काय उमेदवार आहे का. हक्क कोर्टातनं येतो. आपल्याकडं तो २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं दिला, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क. पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायाधीश होते, निकालावेळी नव्वदी ओलांडलेले. ते काही लपवायला कोर्टात गेले होते का? दाजींना मी हे विचारलं होतं, उत्तर आलेलं नाही.

आता उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नका, पोलीस रीतसर कागद घेऊन आले तर मी दुकानदार आहे, क्रांतिकारक नाही. आयटी कायद्याच्या ६९ कलमाखाली अधिकृत आदेश असताना डेटा उघडायला मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि कुणी हरवलंय, जिवाचा प्रश्न आहे, तर मी स्वतः पोलीस स्टेशनला सोबत येईन. तो बाप यापैकी काही म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती. तो म्हणाला बिल माझ्या नावावर आहे.

दाजींचा शेवटचा हुकमी एक्का असतो, "तुझ्या पोरीवर वेळ आली की कळेल." माझी पोरगी नववीत आहे. तिच्या फोनचा पिन मला माहितीये, मला माहितीये हे तिलाही माहितीये, तिच्या पाठीमागं मी तो वापरत नाही. अठराची झाली की तिनं बदलावा.

आणि फोन दुरुस्तीला टाकताना खरा पॅटर्न देऊ नका, एक साधा ठेवून जा आणि परत मिळाल्यावर बदला. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. चेकिंग समोर करून मागा, दुकानदार नात्यातला असला तरी.