पाचशे सिट-अप्स आणि वस्तादांची काठी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा विद्यापीठाच्या मैदानावरून निघताना तू म्हणालीस, "सर, मी स्क्वॉट मारतो, रोज पळतो, मग पोटाचं वेगळं कशाला?" तेव्हा पाऊस आला आणि उत्तर राहिलं.

स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठकांना, पोट लागतं हे अर्धंच खरं. तिथं पाठ जास्त राबते, समोरचं पोट त्यामानानं कमी. आणि पळताना बघ. पूर्ण वेगात पाय जमिनीला जेमतेम 0.1 सेकंद टेकतो. तेवढ्यात अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो. 'आता पोट आवळू' असं म्हणायला तिथं वेळच नसतो. धड आधीच ताठ असावं लागतं, नाहीतर जमिनीकडून मिळालेला जोर कमरेतच जिरतो.

तुझ्यासाठी खरी गोष्ट याच्या पुढची आहे. पोटाचा सरळ स्नायू बरगड्यांपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत जातो आणि कमरेचं हाड पुढून वर धरून ठेवतो. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीची मागची शीर, सुरू होते बैठकीच्या हाडापासून. दमल्यावर पोट सुटलं की कंबर पुढं कलते, बैठकीचं हाड मागून वर जातं आणि हॅमस्ट्रिंग आधीच ताणली जाते. त्यात तू पाय पुढं फेकतेस. गेल्या हंगामात तुझी मांडी दोनदा धरली, दोन्ही वेळा शंभर मीटरच्या शर्यतीत, सत्तरच्या पुढं. मला तो योगायोग वाटत नाही. गुडघा वर येत नाही म्हणून तू स्वतःवर चिडतेस, त्याचंही मूळ बरंचसं तिथंच आहे.

मी तुझ्या वयाचा असताना आमचे एक सर धावण्याआधी पाचशे सिट-अप्स काढायला लावायचे. मी ते मिरवायचोही. सिट-अप्समध्ये मांडी वर उचलणारे स्नायूच जास्त दमतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक? ट्रॅकवर गेलो की गुडघे शिशाचे. शेवटी आमच्या तालमीतल्या वस्तादांनी मला जोर मारताना पाहिलं, पोटाखाली काठी धरली आणि म्हणाले, "जोर मारतोयस का म्हैस बसवतोयस? पोट काठीला लागतंय." पाचशेवाल्याला पंधरा नीट जोर झेपेनात.

तेव्हा आकड्याच्या मागं लागू नकोस. आठवड्यातून तीन दिवस, दहा मिनिटं, तीही पळून झाल्यावर. सिंगल बारला लटकून गुडघे सावकाश छातीकडं आण, आठ-आठचे तीन सेट. वर आल्यावर माकडहाड आत वळलं पाहिजे, नाहीतर तो नुसता मांडीचा व्यायाम. प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं ताठ धरणं, तीन मिनिटं नको. तीस सेकंद धर, पण अशी की कुणी ढकललं तरी हलू नयेस. एका कुशीवरचीही कर, कारण पळताना धड सारखं पिळायला बघतं आणि ते कुशीच अडवतात. मेडिसिन बॉल, तो जड चेंडू, आहेच, तो भिंतीवर आडवा फेक. श्वास कोंडायचा नाही.

एवढं करून शंभर मीटरची वेळ लगेच कमी होईल असं मी म्हणत नाही. कमवायचं ते ट्रॅकवर पळूनच. पण उसेन बोल्टचा कणा जन्मापासून वाकडा होता, आणि पोट-पाठ मजबूत ठेवली तर तो त्रास देत नाही असं त्यानंच सांगितलंय. मग 2009 ला बर्लिनमध्ये शंभर मीटर 9.58 सेकंदांत.

आणि ते मोबाईलवर दिसणारे पोटाचे सहा चौकोन, सिक्स-पॅक, सोड. ते ताटावर ठरतात. त्यासाठी रविवारचा पांढरा रस्सा सोडायची गरज नाही. दुसरी वाटी मात्र जपून.

गुरुवारी सकाळी सहाला सिंगल बारखाली ये. पाय झुलले तर ती खेप मी मोजणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

तुझे सर