स्मृती-शर्यतीत प्रथमच उतरताना

आपल्या दिवंगत सहकाऱ्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या या मैत्रीपूर्ण कार्ट-शर्यतींत (कार्ट म्हणजे छोटी, उघडी, चारचाकी शर्यतीची गाडी) तुम्ही प्रथमच उतरत आहात, तेव्हा शनिवारचा सराव, वेळ नोंदवण्यापेक्षा, कार्ट समजून घेण्यासाठी वापरावा. कार्टला डिफरेन्शियल (वळणात दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसते; मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर फिरत असल्यामुळे वळणात आतल्या बाजूचे मागचे चाक किंचित उचलले गेले नाही, तर कार्ट वळायचे नाव घेत नाही, आणि ते उचलले जावे यासाठी वळणाच्या तोंडाशी स्टिअरिंग ठामपणे फिरवावे लागते. क्लबच्या साध्या कार्टमध्ये ब्रेकही मागच्या आसावरच असतो, म्हणून डाव्या पायाचा जोर सरळ रस्त्यावरच संपवावा. वळणात ब्रेक दाबलात, तर कार्ट गर्रकन फिरलीच म्हणून समजा. टायरमधील हवा टायर थंड असतानाच मोजावी. निळा झेंडा दिसल्यास अचानक दिशा न बदलता मागच्याला वाट द्यावी. पिवळ्या झेंड्याखाली (पुढे धोका असल्याची खूण) ओव्हरटेक करणे कोणत्याच शर्यतीत खपत नाही. दिवंगत सदस्याचे कुटुंबीय ट्रॅकलगत उभे असतील, त्यामुळे शेवटच्या फेरीत आतून चाक घुसवण्याचा मोह आवरावा (हे जुन्याजाणत्यांनाही सांगावे लागते), आणि बक्षीस समारंभाआधी सामान आवरून निघून न जाता त्या कुटुंबीयांना आवर्जून भेटावे.