अमेरिकेतल्या कॉलेजकडे आर्थिक मदत अर्जातच मागावी, की प्रवेश मिळाल्यावर?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी अकरावीत आहे, पदवीसाठी अमेरिकेत जायचं म्हणते. घरचं उत्पन्न बरं आहे, पण तिथला खर्च झेपणारा नाही. एका सल्लागाराने सांगितलंय की अर्जात 'आर्थिक मदत हवी आहे का?' या प्रश्नाला 'नाही' लिहा, म्हणजे प्रवेश सोपा होईल. पैशांचं नंतर कॉलेजशी बोलता येतं.

कृपा करून असं करू नका. मी अमेरिकेतल्या एका छोट्या खासगी कॉलेजच्या आर्थिक मदत विभागात बरीच वर्षं काम करते. प्रवेशाचं पत्र हातात असूनही येऊ न शकलेली मुलं मी दर वर्षी पाहते, आणि त्यांतल्या अनेकांना नेमका हाच सल्ला मिळालेला असतो. मे महिन्यात त्यांच्या आईवडिलांचे ईमेल येतात, तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवलेला निधी कधीच वाटून झालेला असतो. आमच्याकडे तो मार्चमध्येच संपतो. कितीही वाटलं तरी तेव्हा माझ्या हातात काही नसतं.

काही कॉलेजांनी तर हे नियमातच लिहून ठेवलंय. स्टॅनफर्डचं उदाहरण घ्या. परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढची चारही वर्षं त्याला ती मागता येत नाही. म्हणजे 'नंतर बघू' हा रस्ताच बंद.

आता सल्लागाराच्या बोलण्यात खरं किती आहे, तेही सांगते. बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत 'नीड-अवेअर' असतात, म्हणजे अर्ज वाचताना या मुलाला किती पैसे द्यावे लागतील हे त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. तिथे मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यता कमी होते, हे खरंच आहे. पण ज्या घराला मदतीशिवाय शिकवणं शक्यच नाही, त्या घरासाठी मदतीविना मिळालेला प्रवेश कशाचा? अनेक खासगी कॉलेजांचा फी, राहणं, जेवण आणि विमा धरून वर्षाचा खर्च आता ८०,००० डॉलरच्या वर गेलाय, आणि तो चार वर्षं भरायचा असतो.

थोडी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यांसाठीही 'नीड-ब्लाइंड' आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि २०२५ पासून ब्राउन. तिथे निवड करताना मदत मागितली आहे की नाही हे बघत नाहीत, आणि निवड झाली की कॉलेजच्या हिशेबाने जेवढी गरज निघेल तेवढी पूर्ण भागवतात. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला १ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना सगळा खर्च आणि २ लाखांपर्यंतच्या घरांना शिकवणीची फी माफ केली आहे. फक्त मालमत्ता साधारण प्रमाणात असावी लागते. मात्र या सगळ्या ठिकाणी शंभर अर्जांमागे दहापेक्षाही कमी जणांची निवड होते. म्हणून यादीत यांतली एक-दोन असावीत, यादी यांचीच नसावी.

माझ्या मते अर्जाचं खरं काम इथेच असतं. घरोघरी यादी क्रमवारी बघून बनते आणि पैशांचा विचार शेवटी होतो. तुम्ही उलट करा. प्रत्येक कॉलेजबद्दल आधी तीन गोष्टी शोधा: परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित मदत मिळते का, मिळत असेल तर पूर्ण गरज भागवतात की ठरावीक रक्कम देतात, आणि गुणवत्तेवर शिष्यवृत्ती असेल तर तिची मुदत कधी संपते. ही माहिती त्यांच्या संकेतस्थळावर 'इंटरनॅशनल' विभागात असते. अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं पान वाचून आनंदून जाणारी घरं फार भेटतात, म्हणून मुद्दाम सांगते. बहुतेक सरकारी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित काहीच देत नाहीत. गुणवत्तेवर थोडं मिळू शकतं.

गुणवत्तेच्या शिष्यवृत्त्यांची मुदत पुष्कळदा प्रवेशअर्जाच्या मुदतीआधीच संपते. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात मोठ्या शिष्यवृत्तीचा विचार व्हायला हवा असेल तर अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच जावा लागतो. बॉस्टन विद्यापीठाच्या पूर्ण फी देणाऱ्या ट्रस्टी शिष्यवृत्तीची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला असते. जानेवारीत अर्ज करणाऱ्या हुशार मुलीचं नाव त्या गठ्ठ्यात नसतंच. भारतीय विद्यार्थ्यांसाठी म्हणून राखून ठेवलेली मदतही आहे. कॉर्नेलमध्ये टाटांच्या न्यासाने २००८ मध्ये दिलेल्या देणगीतून भारतीय पदवी विद्यार्थ्यांना गरजेनुसार मदत मिळते. जागा मोजक्या असतात, आणि ती मिळवायची तरी प्रवेशाच्या वेळीच मदतीचा अर्ज करावा लागतो.

आता फॉर्म. फाफ्सा हा अमेरिकी सरकारी मदतीचा फॉर्म आहे. तो अमेरिकन नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांसाठी असतो. तुमची मुलगी भारतीय नागरिक म्हणून एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाणार असेल तर तिला तो लागू नाही. (इथे एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, वाढलेल्या मराठी मुलांनाही सरकारी मदत मिळत नाही, हे त्यांच्या पालकांना फार उशिरा कळतं. उलट, अमेरिकेत जन्मलेलं पण भारतात वाढलेलं मूल फाफ्सा भरू शकतं, आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी. त्या मुलांना २०२५-२६ साठी सरकारी पेल अनुदान जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर आहे, आणि ते परत करायचं नसतं.)

तुमच्यासाठी मुख्य फॉर्म म्हणजे कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेचा सीएसएस प्रोफाइल. तो दर वर्षी १ ऑक्टोबरला खुला होतो. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर लागतात. ही रक्कमही जड जात असेल तर कॉलेजच्या मदत विभागाला ईमेल करा. काही कॉलेजं परदेशी अर्जदारांना शुल्कमाफीचा कोड देतात. काहींचा स्वतःचा वेगळा, मोफत फॉर्म असतो.

सीएसएस प्रोफाइलमध्ये उत्पन्न, बचत, घर, जमीन, कर्ज, घरखर्च, भावंडांचं शिक्षण, सगळं विचारतात. रकमा रुपयांतच भरायच्या, डॉलरमध्ये रूपांतर करत बसू नका. आणि जे लिहाल ते कागदाशी जुळलं पाहिजे. आयकर विवरणपत्र, फॉर्म १६, बँकेची विवरणपत्रं मागवली जातात. मराठीत असलेल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

भारतातून आलेले अर्ज वाचताना मी कुठे अडते, ते इथे सविस्तर सांगते, कारण ते बाहेरून दिसत नाही.

पहिली जागा म्हणजे उत्पन्नापेक्षा मोठा दिसणारा खर्च. तहसीलदाराच्या दाखल्यावर वर्षाचं उत्पन्न एक, आणि शाळेची फी, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता मिळून खर्च त्याच्या दुप्पट. दाखला खोटा आहे असं मी लगेच धरत नाही. अनेकदा मामा किंवा काका फी भरत असतात, शेतीचं उत्पन्न विवरणपत्रात वेगळं दाखवलेलं असतं, किंवा बचत मोडून घर चाललेलं असतं. पण हे फॉर्ममध्ये लिहिलेलं नसेल तर मला कळायला मार्ग नाही. मी स्पष्टीकरण मागवते, त्यात दिवस जातात, आणि तोवर निधी दुसऱ्यांना मिळतो. म्हणून फॉर्म पाठवण्यापूर्वी जमा आणि खर्च शेजारी मांडून बघा. मेळ बसत नसेल तर का बसत नाही, ते दोन ओळींत लिहा.

दुसरी जागा म्हणजे एकत्र कुटुंबाची मालमत्ता. सातबाऱ्यावर पाच नावं आहेत, वाटणी झालेली नाही, विकायचं म्हटलं तर चुलत्यांची सही लागते. पालक एक तर सगळ्या जमिनीची किंमत आपल्या नावावर टाकतात, नाहीतर जमीन लिहीतच नाहीत. दोन्हींनी तुमचंच नुकसान होतं. आपल्या हिश्श्यापुरती अंदाजे किंमत लिहा आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात वाटणी न झाल्याचं समजावून सांगा. सातबारा, कूळ, वाटणीपत्र हे शब्द इथल्या अधिकाऱ्याला माहीत नसतात, त्यामुळे साध्या इंग्रजीत, त्याला पहिल्यांदाच कळतंय असं धरून लिहा.

त्या रकान्याचा लोक फार कमी उपयोग करतात, याची मला खरोखर हळहळ वाटते. वडील दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत, आजीच्या डायलिसिसचा खर्च आहे, आईची नोकरी गेल्या वर्षी सुटली, थोरल्याच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू आहेत: यांतलं काहीच आकड्यांत दिसत नाही. फॉर्म बहुतांशी मागच्या वर्षांचं उत्पन्न बघतो, तुमचं घर आजच्या पैशांवर चालतं. हा फरक सांगायची तीच जागा आहे. रडगाणं वाटेल म्हणून संकोचू नका. कारण, महिना, रक्कम आणि त्याचा कागद, एवढं पुरेसं असतं. असं नीट लिहिलेलं वाचून मी स्वतः समितीसमोर एखाद्या घरासाठी जास्त रक्कम मागितली आहे, आणि ती मिळालीही आहे.

पालक वर्षाला किती देऊ शकतील, हाही प्रश्न असतो. तिथे शून्य लिहिल्याने मदत वाढते हा गैरसमज आहे. आज मुलीच्या शिक्षणावर जेवढा खर्च करता तेवढा पुढेही करालच, असं वाचणारा धरतो. चार वर्षं ओढाताण न होता देता येईल तो आकडा लिहा. पहिल्या वर्षी नातेवाइकांकडून उसने घेऊन मोठा आकडा दाखवला तर दुसऱ्या वर्षी तोच आकडा गळ्यात पडतो.

अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला आधीच करायचा बंधनकारक अर्ज, याबद्दलही विचार करा. तिथे निवड झाली तर यायचंच असं बंधन असतं, त्यामुळे इतर कॉलेजांच्या मदतीशी तुलना करता येत नाही. दिलेली मदत खरोखरच अपुरी असेल तर त्या बंधनातून सुटता येतं, पण त्याचा भरवसा धरून बसू नये. पूर्ण गरज भागवणारं कॉलेज असेल तरच तो मार्ग मला पटतो.

मदतीचं पत्र आलं की पहिल्या पानावरची मोठी बेरीज बाजूला ठेवा. अनुदान किती, कर्ज किती, मुलीने काम करून मिळवायचे किती, हे वेगळं काढा. फक्त अनुदान ही मदत आहे. एफ-१ वर सत्र चालू असताना आवारातच, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, तेव्हा त्या कमाईवर मोठी गणितं मांडू नका. विमा, पुस्तकं, विमानभाडं खर्चात धरलंय का, फी वाढली तर अनुदान वाढणार का, शिष्यवृत्ती टिकवायला किती गुण लागतात, हे लेखी विचारून घ्या.

एक गोष्ट जवळपास कोणीच आधी सांगत नाही. शिष्यवृत्तीतला जो भाग राहण्याजेवणासाठी असतो, त्यावर परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेत कर लागतो. सहसा १४ टक्के आधीच कापून घेतात. भारत-अमेरिका करारानुसार भारतीय विद्यार्थ्यांना विवरणपत्र भरताना प्रमाणित वजावट (उत्पन्नातून करमुक्त धरली जाणारी ठरावीक रक्कम) मिळते, त्यामुळे त्यातलं बरंच किंवा सगळं परत येऊ शकतं. पण पहिल्या वर्षी ते पैसे हातात नसणार, याची तयारी ठेवा. मदत वजा जाता उरलेली रक्कम तुमच्याकडे आहे हे आय-२० (व्हिसासाठी लागणारं कॉलेजचं प्रमाणपत्र) निघण्यापूर्वी कागदांनी दाखवावं लागतं, व्हिसाच्या मुलाखतीतही विचारतात.

मदत कमी पडत असेल तर फेरविचाराची विनंती करता येते. नवीन कारण किंवा कागद जोडा. दुसऱ्या कॉलेजचं पत्रही दाखवू शकता, फक्त घासाघीस केल्यासारखं लिहू नका. उत्तर बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत द्यायचं असतं, तेव्हा विनंती एप्रिलच्या सुरुवातीलाच जायला हवी.

सल्लागाराला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त 'शिष्यवृत्तीची हमी' देणारा आणि मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी मागणारा माणूस टाळा. फॉर्मवर ईमेल आणि पासवर्ड मुलीचाच असू द्या. सल्लागाराच्या ईमेलवर गेलेली आमची पत्रं घरापर्यंत न पोहोचल्याने मुदत हुकलेली मुलं मी पाहिली आहेत.

मुलगी अकरावीत आहे, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. या सुट्टीत आठ-दहा कॉलेजांच्या मदत विभागांना वर लिहिलेले तीन प्रश्न ईमेलने विचारायला तिला सांगा. ईमेल तिनेच लिहावा, तिच्या नावाने. आम्ही अशा ईमेलांना उत्तरं देतो, आणि उत्तर गोलमोल आलं तर ते कॉलेज यादीतून काढायला तेवढं कारण पुरे.