ट्रेकला रेंज नसेल तर मोबाईलचा मॅप चालतो का, की जीपीएसवालं घड्याळच घ्यावं?

घड्याळाचे पैसे आत्ता खिशातच ठेवा. राजगड-तोरणा करणार, एक रात्र टेंटमध्ये काढणार म्हणताय, तेवढ्याला फोन पुरतो. रेंज गेली की जीपीएसपण गेला असं बऱ्याच जणांना वाटतं, मलापण वाटायचं, पण फोन आपली जागा थेट सॅटेलाइटवरून काढतो, सिम नसलं तरी चालतं, फक्त नेट नसेल तर पहिल्यांदा जरा वेळ लागतो, मोकळ्यावर दोन-चार मिनिटं उभं राहायचं. नेट लागतं ते नकाशा दिसायला, म्हणून तो घरीच वायफायवर डाउनलोड करा, नाहीतर कोऱ्या स्क्रीनवर नुसता निळा ठिपका बघत बसाल.

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यापर्यंत गाडीला गूगल मॅप बेस्ट, पण ऑफलाइन असताना तो गाडीचाच रस्ता सांगतो, चालायचा नाही. पायवाटांना ऑर्गॅनिक मॅप्स नाहीतर ऑसमअँड घ्या, दोन्ही ओपनस्ट्रीटमॅपवर चालतात. कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) चालू करा, रेषा एकमेकींना चिकटल्या दिसल्या की तिथे कडा समजायचा. आधी कुणी चालून गेलेल्या वाटेची जीपीएक्स फाइल (म्हणजे नकाशावर दिसणारा ट्रॅक) मिळाली तर तीपण टाकून ठेवा.

आता आमची फजिती. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून आम्ही तोरण्याच्या बुधला माचीकडे निघालेलो, नकाशा होता, ट्रॅक होता, पण फोन खिशात रेंज शोधून शोधून तापला आणि दुपारपर्यंत 18 टक्क्यांवर आला, पॉवर बँक सॅकमध्ये होती पण केबल गाडीत राहिलेली (हसू नका). बॅटरी वाचवायला मॅप बघणं बंद केलं आणि तिथेच एका ढोरवाटेला लागलो. ढोरवाट डिट्टो खऱ्या वाटेसारखी दिसते हो, मग कारवीच्या झुडपांत शिरते आणि संपते. तासभर चकवा लागल्यासारखं फिरलो, शेवटी गुरं घेऊन चाललेले एक मामा भेटले, "अवो ती गुरांची वाट, वरच्या अंगानं या" म्हणाले.

तेव्हापासून चढायला लागलो की एअरप्लेन मोड, त्यात जीपीएस चालूच राहतो. स्क्रीन बंद, ट्रॅक रेकॉर्डिंग चालू, आणि पंधरा-वीस मिनिटांनी एकदा बघायचं. ठिपका वाट सोडून जायला लागला की पुढे रेटायचं नाही, मागे फिरायचं. कड्याला लागून असाल तर मात्र सिग्नल दगडावर आपटून येतो आणि ठिपका उगाच उड्या मारतो, घाबरू नका, जरा मोकळ्यावर येऊन परत बघा. 10000 एमएएचच्या पॉवर बँकेतून फोनला साधारण 6000-6500 च मिळतात, दोघांत एक धरून जाऊ नका.

आणि कुणी परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर (रेंज नसताना थेट सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र) आणून देतो म्हणालं तर नको म्हणा, आपल्याकडे परवानगीशिवाय तो बाळगणं बेकायदा आहे.

या रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फोन एअरप्लेन मोडवर टाकून तासभर फिरून बघा, काय अडतंय ते तिथेच कळेल.