एबी फॉर्म नसलेल्या देशातले पक्ष

प्रिय मित्रा,

अमेरिकी पक्षांवरच्या लेखाचा तुझा खर्डा वाचला. मेहनत दिसते, पण आपल्याकडचे शब्द तिकडच्या व्यवहाराला चिकटलेत. ‘पक्षाने तिकीट दिलं’ हे वाक्य आधी खोड. तिथे एबी फॉर्म वाटणारा प्रदेशाध्यक्ष नसतो. उमेदवार ठरतो प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या मतदारांनीच केलेल्या मतदानात, आणि ते बहुतेक ठिकाणी सरकारी यंत्रणाच घेते. वर्गणी भरून सभासद व्हायची भानगड नाही. साधारण ३० राज्यांत मतदारनोंदणीच्या अर्जावरच पक्षाच्या नावापुढे खूण केली की झालं. पक्षांतरबंदी कायदाही नाही.

पूर्वी मात्र पुढाऱ्यांचंच चालायचं. १९१२ मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी रिपब्लिकन अधिवेशनाने विद्यमान अध्यक्ष टाफ्टलाच उभं केलं, कारण प्रायमरी मोजक्याच राज्यांत होत्या आणि बाकीचे प्रतिनिधी पुढाऱ्यांच्या मुठीत. रूझवेल्टने बंडखोरी करून प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे निवडणूक लढवली: २७ टक्के मतं, ८८ इलेक्टर (राज्याराज्यांतून निवडून येऊन अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी). टाफ्टला २३ टक्के आणि अवघे ८. या भांडणात डेमोक्रॅट पक्षाचा विल्सन ४२ टक्क्यांवर ४३५ इलेक्टर घेऊन गेला. मतविभाजन आपल्या वाचकाला समजावावं लागत नाही; हा आकडा नुसता मांड. प्रायमरीच निर्णायक ठरू लागली ती १९७२ पासून.

छोट्या पक्षांची किंवा अपक्षांची ताकद टक्क्यांवरून मोजू नकोस. १९९२ मध्ये अपक्ष उभ्या राहिलेल्या रॉस पेरोला जवळपास १९ टक्के मतं पडली आणि इलेक्टर मिळाले शून्य. १९६८ मध्ये अमेरिकन इंडिपेंडंट पक्षाच्या जॉर्ज वॉलेसला साडेतेरा टक्केच, पण इलेक्टर ४६: दक्षिणेतली ५ राज्यं जिंकून ४५, आणि नॉर्थ कॅरोलायनातला एक फुटीर. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात पहिला येणाऱ्याला तिथले सगळे इलेक्टर मिळतात. पेरोची मतं देशभर पातळ पसरली होती, वॉलेसची एका कोपऱ्यात साचली होती.

मग हे पक्ष करतात काय? मागण्या रुजवतात, आणि पीक दुसरेच कापतात. १८९२ मध्ये शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने ओमाहाच्या जाहीरनाम्यात वाढत्या दराचा आयकर मागितला. सेनेटर थेट जनतेने निवडावेत, हाही ठराव केला. १९१३ मध्ये आयकर आणि सेनेटरांची थेट निवड, दोन्ही घटनादुरुस्त्या झाल्या. पक्ष मात्र १८९६ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार ब्रायनला पाठिंबा दिल्यापासूनच विरघळत गेला होता.

‘रिपब्लिकन हाही एकेकाळी तिसरा पक्षच होता’ असं तू लिहिलंयस. अर्धं खरं. १८५४ मध्ये तो उभा राहिला तेव्हा त्या काळच्या दोन मोठ्या पक्षांपैकी एक, व्हिग पक्ष, गुलामगिरीच्या प्रश्नावर मोडत होता. भरल्या घरात शिरकाव नव्हता तो, रिकाम्या होत चाललेल्या घराचा ताबा होता.

आता नियमांकडे ये, तुझ्या खर्ड्यात तेच नाहीत. मतपत्रिकेवर जागा मिळवायची अट प्रत्येक राज्याची वेगळी. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी दर ४ वर्षांनी गव्हर्नरच्या (तिकडचा निवडून येणारा राज्यप्रमुख) निवडणुकीत ५०,००० मतं पुरत. २०२० पासून दर २ वर्षांनी १,३०,००० मतं किंवा एकूण मतांच्या २ टक्के, यांत जे जास्त असेल ते. त्याच वर्षी लिबर्टेरियन आणि ग्रीन या दोन्ही छोट्या पक्षांची तिथली मान्यता गेली. या राज्यात एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळींवर छापला जाऊ शकतो आणि त्याची मतं एकत्र धरतात, म्हणून कोष्टक करताना ओळींची बेरीज कर. नाहीतर जिंकलेला माणूस तुझ्या तक्त्यात हरलेला दिसायचा.

आणि ‘अपक्ष’ हा शब्द जपून वापर. कॅलिफोर्नियात अमेरिकन इंडिपेंडंट नावाचा पक्षच आहे. वॉलेसच्या १९६८ च्या उमेदवारीसाठी निघालेला. अर्जावर ‘इंडिपेंडंट’ दिसलं की अपक्ष समजून लोक तिथेच खूण करतात आणि नकळत एका उजव्या पक्षाचे मतदार होतात. खऱ्या अपक्षाचा पर्याय वेगळा असतो, ‘नो पार्टी प्रेफरन्स’. तुझ्या खर्ड्यातला ‘कॅलिफोर्नियातले अपक्ष मतदार’ हा आकडा यातल्या कुठल्या रकान्यातून उचललास, तेवढं बघून दुसरा खर्डा पाठव.