वडिलांना गाउट आहे. दिग्रसहून पुण्याला ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून नेलं तर त्रास वाढेल का?

गाउट म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार. नुसत्या बसण्यानं ते ॲसिड वाढत नाही. पण प्रवासात आपण पाणी तोडतो आणि तिथेच गाउट उचल खातो. मला स्वतःला आठ वर्षांपासून गाउट आहे. दारव्ह्याकडच्या आमच्या गावाहून पुण्याला लेकीकडे जाणं-येणं असतं, म्हणून अनुभवाचं सांगतो.

एकदा मे महिन्यात निघालो. आदल्या दिवशी नात्यातल्या लग्नात मटण झालेलं. गाडी सारखी थांबवायला लावू नये म्हणून दुपारपासूनच पाणी बंद केलं. सकाळी उतरलो तेव्हा बाटलीचं सीलही फुटलेलं नव्हतं. त्या रात्री उजव्या पायाचा अंगठा असा धरला की वरची चादरसुद्धा सोसेना.

अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात युरिक ॲसिडचं प्रमाण वाढतं. ते रक्ताच्या रिपोर्टात साधारण 6.8 mg/dL च्या वर राहिलं की सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू लागतात. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, थंड, म्हणून बहुतेकदा पहिला तोच सापडतो.

तेव्हा बाबांना पाणी पिऊ द्या, थोडं थोडं, पण सारखं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा. गाडीत चढतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवा, दोन ठिकाणी थांबतात ते बिचारे. ढाब्यावर कोल्ड्रिंक नको, त्यातली साखरही युरिक ॲसिड वाढवते. साधं वरण मात्र बंद करू नका, उगाच म्हाताऱ्या माणसाचं जेवण तुटतं. गाउटची रोजची गोळी हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

गुडघे आखडणं वेगळं. ते बसून राहिल्यानं होतं आणि चार पावलं चाललं की सुटतं. बसल्या जागी घोटे फिरवायला, पंजे वर-खाली करायला लावा. दोन्ही पायांवर मोज्याचा वळ उमटला तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर मात्र रक्ताची गुठळी असू शकते. मग घरी न जाता सरळ दवाखाना गाठा. दम लागला तर तर एक मिनिटही थांबू नका.

आणि अंगठा आजच लाल-गरम असेल तर तिकीट पुढे ढकला. सोबत ताप असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.