ब्युरो डिपॉझिट देत नाही, भाऊ पैसे देत नाही: नाशिकच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वकील म्हणून वाचलं आणि दुसऱ्यांदा माझ्या आजीचं शेवटचं वर्ष आठवत वाचलं, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

बाकीच्यांसाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. ताईंची आई 76 वर्षांची, स्ट्रोकनंतर डावी बाजू गेली, बोलणं अडखळतं पण सगळं समजतं. जेवण नाकातल्या नळीतून. ताई नोकरी करतात, म्हणून घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून चोवीस तासांची मावशी घेतली, महिना 24,000, वर तेवढंच डिपॉझिट. पहिल्या मावशी दिवाळीला गावाला गेल्या त्या आल्याच नाहीत. ॲग्रीमेंटच्या सातव्या कलमात ‘48 तासांत रिप्लेसमेंट’ असं छापलेलं असूनही ब्युरोनं नऊ दिवस नुसतं ‘उद्या पाठवतो, उद्या पाठवतो’ केलं. त्या नऊ दिवसांत ताई दिवसा रजेवर, रात्री ओळखीतून मिळालेली एक बाई 1,200 रुपये रोजानं, आणि तिला कुशीवर वळवायचं कुणी सांगितलेलंच नव्हतं त्यामुळे आईच्या माकडहाडाशी बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहून होणारी जखम, झाला. मग दुसऱ्या मावशी आल्या, त्या मात्र फार चांगल्या निघाल्या. आता ताईंना ब्युरो बंद करून याच मावशींना परस्पर ठेवायचंय. ब्युरो म्हणतो डिपॉझिट मिळणार नाही, आणि मावशींना ठेवलंत तर ॲग्रीमेंटप्रमाणे एक लाख दंड भरा. त्यात पुण्यातला भाऊ एक रुपया देत नाही.

आधी ब्युरोचं बघू. तुम्हाला वाटतंय की सही केली म्हणजे हात बांधले गेले. तसं नाहीये. तुम्ही महिन्याचे पैसे ब्युरोच्या खात्यात भरता, मावशींना पैसे ब्युरो देतो, बदली माणूस ब्युरो पाठवतो, म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही ग्राहक आणि तो सेवा देणारा. तो तुम्हाला ‘आम्ही फक्त ओळख करून देतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा’ असं ऐकवणार, हे या धंद्यातलं पाठ केलेलं वाक्य आहे, त्याला उत्तर म्हणून त्याचीच बिलं पुढे करायची. 48 तास लिहून नऊ दिवस लावले ही सरळ सेवेतली त्रुटी आहे. आणि डिपॉझिटचं तर तुम्ही पाठवलेल्या फोटोतच उत्तर आहे, ॲग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात ‘नॉन रिफंडेबल’ आणि पावतीवर त्याच ब्युरोच्या माणसाच्या अक्षरात ‘डिपॉझिट (परत)’. ती पावती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवा, लॅमिनेशन करू नका. लोक लॅमिनेशन करतात आणि मग ओरिजिनल तपासायची वेळ आली की पंचाईत होते.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला मुदत दोन वर्षांची, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, आणि वकील लावायलाच हवा असंही नाही (हे वकीलच सांगतोय, लक्षात घ्या). त्याआधी एक साधी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन, पोचपावतीसह स्पीड पोस्टानं. त्यात हिशोब लिहायचा: डिपॉझिट 24,000, रात्रीच्या बाईचे नऊ दिवसांचे 10,800, ड्रेसिंगची बिलं, आणि मानसिक त्रासाची रक्कम वेगळी. आकडा फुगवू नका, दहा लाख मागणारे तक्रारदार आयोगासमोर हसं करून घेतात. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर पण तक्रार नोंदवून ठेवा, तिथे निकाल लागत नाही पण बऱ्याचदा समोरचा फोन उचलायला लागतो.

पुरावा काय, तर ब्युरोशी झालेलं व्हॉट्सॲप चॅट, नुसते स्क्रीनशॉट नको, अख्खं चॅट एक्सपोर्ट करा आणि तो फोन विकू नका किंवा रिसेट मारू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेडसोरचा डॉक्टरांचा कागद. तुमच्याकडे फोटो आहे पण तारखेनिशी डॉक्टरनी लिहिलेलं नाही. आजच डॉक्टरांकडून केस पेपरवर लिहून घ्या की जखम केव्हा पहिल्यांदा दाखवली आणि तेव्हा कोणत्या अवस्थेत होती. ब्युरोचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की ही जखम त्या नऊ दिवसांतलीच कशावरून, घरच्यांच्या हलगर्जीपणामुळे झाली नाही कशावरून.

आता एक लाखाचा दंड. ॲग्रीमेंटमध्ये आकडा लिहिला म्हणून तो आपोआप मिळत नाही. करार कायदा 1872 च्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, तिच्या आत जेवढी भरपाई वाजवी तेवढीच कोर्ट देतं. तुम्ही लिहिलंय की 24,000 पैकी मावशींच्या हातात 17,000 पडतात, म्हणजे ब्युरोचं महिन्याचं कमिशन 7,000, त्याला एक लाखाचं नुकसान कसं झालं हे त्यानं सांगावं की. आणि मावशींनी ब्युरो सोडल्यावर दोन वर्षं कुणाकडे कामच करायचं नाही ही अट तर कलम 27 खाली टिकायची नाही, पोट भरायचा धंदा असा बांधून ठेवता येत नाही. मावशींचे ओरिजिनल कागद ब्युरोनं ठेवून घेतलेत असं तुम्ही म्हणता, तर ते मावशींनी स्वतः लेखी मागायचे, नाही दिले तर पोलिस स्टेशनला अर्ज, पण तो अर्ज मावशींचा हवा, तुमचा नाही.

तरी माझा सल्ला ऐका. करार चालू असताना गुपचूप मावशींना फोडू नका. आधी लेखी नोटीस देऊन करार संपवा, नोटीसचा महिना पूर्ण भरा, आणि जमलं तर एका महिन्याचं कमिशन देऊन लेखी ‘आमचं काही येणं नाही’ घ्या. सात हजारात मिटत असेल तर मिटवा. शेवटी त्यानं माणूस शोधून दिला हे खरंय.

परस्पर ठेवण्याआधी आणखी एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते. ब्युरोमार्फत मावशी असतात तोवर ग्राहक आयोग तुमच्या पाठीशी आहे. त्याच मावशी थेट तुमच्या पगारावर आल्या की तो वैयक्तिक सेवेचा करार होतो आणि कायद्याच्या ‘सेवा’ या व्याख्येतून तो बाहेर. मग त्या उद्या निघून गेल्या तर रिप्लेसमेंट नाही, आयोग नाही, काही नाही. मालक तुम्ही. त्यामुळे एका पानाचा साधा कागद करा, मराठीत, आणि मावशींना वाचून दाखवा. पगार किती आणि कोणत्या तारखेला, खात्यात किंवा यूपीआयनं, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी, सोडायचं असेल तर दोघींनी किती दिवस आधी सांगायचं. आधारची प्रत घ्या, पोलिस व्हेरिफिकेशन करा, यात अविश्वास काही नाही, उलट त्यांच्याही सोयीचं आहे.

आणि ‘चोवीस तास’ म्हणजे नक्की काय ते लिहा. आईंना दर दोन तासांनी कुस बदलावी लागते, रात्री अकरा, एक, तीन, पाच. हे करणारा माणूस दिवसा पण जागा राहू शकत नाही. माझ्या आजीकडच्या मावशी पहाटे नळीतून पेज देताना बसल्या बसल्या झोपल्या होत्या, हातात सिरिंज तशीच धरलेली. ओरडणार कुणावर? म्हणून दुपारी चार तास झोप आणि रात्रीची एक पाळी घरच्यांची असं ठरवा. शिवाय नळी बसवणं, बदलणं, कॅथेटर, इंजेक्शन ही कामं मावशींची नाहीत, त्यासाठी नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेल्या नर्सलाच बोलवा. ब्युरो सरसकट सगळ्यांना ‘सिस्टर’ म्हणतात आणि भिंतीवर शॉप ॲक्टचं सर्टिफिकेट लावतात, त्याचा नर्सिंगशी संबंध नाही.

आता भाऊ. 2007 च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहामध्ये वैद्यकीय देखभाल आणि उपचार स्पष्ट लिहिलेले आहेत. अर्ज प्रांत ऑफिसला, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. अर्जदार आई, तुम्ही नाही. त्यांना जाता येत नसेल तर त्या तुम्हाला अधिकार देऊ शकतात, कागदावर अंगठा दोन बाहेरच्या साक्षीदारांसमोर घ्या आणि डॉक्टरांकडून ‘समजून उमजून अंगठा दिला’ असं लिहून घ्या. निकाल नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडतात, ते धरून चला. अडचण अशी की इथे महिना 10,000 च्या वर मिळत नाही. तुमचा खर्च मावशी, डायपर, औषधं धरून चाळिशीच्या घरात जातोय. दुसरा रस्ता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, म्हणजे जुनं 125, तिथे अशी मर्यादा नाही, पण वेळ जास्त लागतो. दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, एकच निवडायचं.

भाऊ म्हणणार ‘ताई पण मुलगीच ना’. बरोबर म्हणणार. मुलीवरही जबाबदारी आहे, लग्न झालेल्या मुलीवरसुद्धा, हे सुप्रीम कोर्टानं 1987 मध्ये विजया अरबट खटल्यातच सांगितलंय. म्हणून तुमचा हिशोब तयार ठेवा, महिन्याला तुम्ही किती घातले, किती रजा गेल्या. वही ठेवा, रोजची.

आणि आता खरं ते. पत्राच्या अगदी शेवटी, नमस्काराच्या वर, तुम्ही एक ओळ लिहिलीये की 2021 मध्ये आईंनी त्यांच्या नावावरचा प्लॉट भावाला बक्षीसपत्रानं दिला, ‘पण तो विषय वेगळा’. ताई, तो विषय वेगळा नाहीये, ही ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती! 2007 च्याच कायद्याच्या कलम 23 प्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि घेणारा सांभाळत नसेल तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. अट होती हे मात्र दाखवावं लागतं, नुसतं ‘प्रेमापोटी’ लिहिलेलं असेल तर अवघड जातं. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूनं निकाल दिला, तिथे बक्षीसपत्रासोबत सांभाळायचं लिहिलेलं वचनपत्र पण होतं, आणि हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या बाजूनं उदारपणे वाचायचा असं कोर्ट म्हणालं. प्लॉट परत घ्यायचाच असं मी म्हणत नाही, ते आईंनी ठरवायचं, तुम्ही नाही. पण अर्जात कलम 23 ची मागणी आली की दहा हजाराच्या मर्यादेच्या वरची बोलणी पण व्हायला लागतात, असा माझा अनुभव.

वकिलाची फी परवडणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत, आणि आई पण महिलाच आहेत. जाता जाता एक: स्ट्रोकनं अंग गेलं म्हणजे आई दिव्यांग पण आहेत. 40 टक्के किंवा जास्त भरलं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं, आणि जुन्या कर पद्धतीत अवलंबून असलेल्या दिव्यांग आईसाठी 75,000 ची, 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे. आईंना फॅमिली पेन्शन किती येते त्यावर ‘अवलंबून’ ठरेल, सीएला विचारा.

मला पुढचं सांगायला बक्षीसपत्र लागेल. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा नुसता सारांश, पाठवू नका, त्यात अट दिसत नाही. सब-रजिस्ट्रार ऑफिसातून पूर्ण दस्ताची सर्टिफाइड कॉपी काढा, आणि त्या दिवशी भावानं वेगळ्या कागदावर, पोस्टकार्डावर, कशावरही काही लिहून दिलं होतं का, ते आईंना विचारा. त्यांना बोलायला वेळ लागतो, घाई करू नका.